ख्युंगरीला रिव्हर्समध्ये

आईला एक चित्र दाखवून आणायचं, एवढंच मी ठरवलं होतं. हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. पोलिसाला, साहेबाला, एका लामाला आणि सगळ्यात जास्त वेळा माझ्या बायकोला. विश्वास कुणाच्याच चेहऱ्यावर दिसला नाही.

चित्र म्हणजे ख्युंगरी गोम्पाचा, तिथल्या मठाचा, गोकु. रेशमाचे तुकडे जोडून शिवलेला, तीन मजली घराएवढा मैत्रेय बुद्ध. बारा वर्षांतून एकदा गोम्पाच्या गच्चीवरून तो खाली सोडतात, आणि सकाळचं ऊन त्याच्यावर येऊ लागलं की गुंडाळून पेटीत ठेवतात, कारण उन्हानं रेशीम विटतं. मागच्या वेळी नेमकी आमची गाय अडली म्हणून आमाचं, म्हणजे आईचं, जाणं राहिलं. त्याच्या मागच्या वेळी माझं लग्न होतं. त्याच्याही मागच्या वेळी माझा परीक्षेचा निकाल लागला होता आणि आमाला चारचौघांत तोंड दाखवायची इच्छा नव्हती. यंदा आमा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पुढच्या वेळी नव्वद. चहा पिता पिता ती एकदाच म्हणाली, "या खेपेला बघून घेते. म्हणजे सुटले." कशातून सुटली हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं, की काहीही होवो, आमाला गोकुसमोर नेऊन उभं करायचं.

आता, माझ्याविषयी लोक काय वाटेल ते बोलोत, नियोजनात माझा हात धरणारा लेहमध्ये दुसरा नाही. उद्यान खात्यात मी हेडक्लार्क आहे. जर्दाळूच्या रोपांचं वाटप दरवर्षी माझ्या टेबलावरून होतं आणि ते कधी एका दिवसानंही लांबलेलं नाही. रोपं गावात पोचेपर्यंत वाळलेली असतात ही गोष्ट वेगळी. तर अशा माणसाला आपली आई, आपली बायको आणि आपली छोटी गाडी एवढं घेऊन तीन तासांवरच्या गोम्पात जाऊन येणं म्हणजे काय मोठं काम होतं?

पण यांगडोल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ओन्पोला विचारून या." ओन्पो म्हणजे आमच्याकडचा जोशी. मी गेलो. त्यानं पोथी उलगडली, आमाचं जन्मवर्ष विचारलं आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"आमा-ले सशाच्या वर्षातल्या. तो दिवस कोंबड्याचा. त्या दिवशी त्यांनी घराबाहेर पडू नये."

"पण गोकु त्याच दिवशी आहे," मी म्हणालो.

"मग जा."

"आत्ता तर म्हणालात पडू नये."

"त्या दिवशी पडू नये. आधी पडा. मंगळवार चांगला आहे, दक्षिणेला प्रस्थान ठेवा."

प्रस्थान म्हणजे चांगला दिवस बघून आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला, असं धरून चालतात. मग वाईट दिवशी प्रत्यक्ष पाऊल उचललं तरी चालतं, कारण तुम्ही तेव्हा निघत नसताच, आधीच निघालेले असता. सरकारी नोकरीत उभा जन्म गेल्यामुळे ही पद्धत मला पूर्वीपासून पटलेली आहे.

आमच्या दक्षिणेला आचो मुतुपचं घर. मुतुप माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून आचो, शेजारी आणि शिवाय आमच्या फास्पुनमधला, म्हणजे एकच कुलदैवत मानणाऱ्या सहा घरांतला. जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी ही घरं एकमेकांच्या मदतीला धावतात. मधल्या काळात मदत न मागताच धावतात. मंगळवारी सकाळी यांगडोलनं आमाचं बोचकं मुतुपकडे नेऊन ठेवलं. दुपारी जेवायला बसलो तर आमा भाकरीकडे नुसती बघत बसलेली.

"काय झालं, आमा-ले?" यांगडोलनं विचारलं.

आमानं तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं.

झालं होतं असं, की प्रस्थानात नुसता जुना झगा आणि खताग, म्हणजे देवाला वाहायची पांढरी उपरणी, ठेवून देवाला फसवणं आमाला पटलं नाही. ज्याच्यावाचून आपला एक दिवस जात नाही अशी वस्तू जायला हवी, तरच आपण खरोखर निघालो. म्हणून तिनं कवळी ठेवली होती.

मी तडक मुतुपकडे गेलो. तो जर्दाळूच्या झाडाखाली बसून आमच्याच बोचक्यासमोर दिवा लावत होता.

"आचो, बाकी सगळं राहू दे. फक्त कवळी दे."

"वेड लागलंय का तुला?" मुतुप म्हणाला. "प्रस्थानातलं परत नेलं म्हणजे माणूस अर्ध्या वाटेतून माघारी आला. आमा-ले माघारी आल्या तर जबाबदारी कोण घेणार, तू?"

"अरे, ती जेवेल काय?"

"सातूचं पीठ चहात कालवून दे. आमच्या आजोबांनी सबंध म्हातारपण त्याच्यावर काढलं. आणि बरं झालं आलास. बोचकं आता आमच्या घरून निघणार, म्हणजे सोबत आमचं कुणीतरी हवं. मी आणि झांगमो येतोय. सामानाला एकटं पाठवत नाहीत."

सामान एकटं जाणार नव्हतं, सामानाची मालकीण गाडीत असणार होती, हे मी त्याला दोनदा समजावलं. त्यानं दोन्ही वेळा मान हलवली आणि बायकोला, झांगमोला, बाहेरूनच ओरडून सांगितलं, "इशे म्हणतोय, चला म्हणून."

माझ्या छोट्या गाडीत मुतुप मावत नाही. तो तसा कुठल्याच गाडीत सुखानं मावत नाही. म्हणून लोटुस ड्रायव्हरची मोठी गाडी ठरवावी लागली. मोठी गाडी ठरली ही बातमी संध्याकाळपर्यंत फास्पुनच्या उरलेल्या घरांत गेली. यायला कुणाला जमणार नव्हतं, पण गाडीत जागा आहे म्हटल्यावर गोम्पात दिव्यांना घालायचं लोणी प्रत्येकानं पाठवलं. कुणी डब्यात, कुणी लोट्यात, एकानं तर औषधाच्या बाटलीत. शिवाय प्रत्येकाचा निरोप वेगळा. यांचं मोठ्या दिव्यात घाला, त्यांचं मुलाच्या नोकरीसाठी आहे, याचं गुडघ्यांसाठी आहे, आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आबीचं तिनं कुणाला तरी दिलेला शाप परत घेण्यासाठी आहे, त्याचं नाव विचारू नका. मी हे सगळं लक्षात ठेवायचं कबूल केलं.

पास काढायचं राहिलं होतं. गोकुच्या दिवशी ख्युंगरीला गाडी न्यायची तर पास हवा, असा नवा नियम निघाला होता. मी कचेरीत गेलो तर खुर्ची रिकामी. पास देणारा कारकून गोम्पाच्या बंदोबस्ताला ख्युंगरीत गेला होता. मी म्हणालो, मग तिथंच जाऊन घेतो. शिपाई म्हणाला, "तिथं जायला पास लागेल." मी उद्यान खात्याचा हेडक्लार्क असल्याचं सांगितलं. शिपायानं मला मागच्या वर्षीच्या रोपांविषयी विचारलं.  शेवटी मी त्याला घरच्या अंगणातली दोन जिवंत रोपं कबूल केली, तेव्हा त्याला आठवलं की शिक्का मारलेले काही पास कपाटातच आहेत.

पासावर लिहिलं होतं: येणे खालच्या रस्त्याने, जाणे वरच्या रस्त्याने. मी तो स्वतःच्या हातानं गाडीच्या काचेवर चिकटवला. शिक्क्याकडे बघत राहिलो. मजकुराकडे बघायला हवं होतं.

कोंबड्याच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, म्हणजे मंगळवारी निघालेलो आम्ही पुढं सरकलो. मुतुपच्या दारात बोचकं चढलं. आमानं अंधारातच कवळी बसवली, दात दोनदा वाजवून बघितले आणि पहिलं वाक्य बोलली, "तुमच्या सातूला वास येतो." चार दिवसांचं तिच्या मनात साचलेलं होतं. ती ड्रायव्हरशेजारी बसली, हातात प्रार्थनाचक्र. मागं यांगडोल आणि झांगमो, त्यांच्या मागं मुतुप, आणि मुतुपचा जो भाग सीटवर मावत नव्हता तिथं मी.

पहिल्या घाटात लोण्याचं प्रकरण झालं. थंडी म्हणून लोटुसनं गाडीतलं गरम हवेचं यंत्र पूर्ण सोडलं होतं, आणि डबे नेमके त्याच्या तोंडाशी. लोणी वितळलं. मग एका वळणावर सगळे डबे एकदम कलंडले आणि सहा घरांची भक्ती यांगडोलच्या थर्मास ठेवायच्या प्लास्टिक पिशवीत एकत्र जमा झाली.

"आता गुडघ्यांचं कुठलं आणि नोकरीचं कुठलं?" झांगमो म्हणाली.

"आमचं वर तरंगतंय," मुतुप म्हणाला. "याकच्या मादीचं होतं, शुद्ध. खाली बसलंय ते इशेकडचं. डब्यातलं वनस्पती."

"गायीचं आहे," यांगडोल म्हणाली.

"गाय बघून सांगतेस का तसं?"

आमा पुढून म्हणाली, "सगळं एका दिव्यात घाला. कुणाचं काय ते देवाला वासावरून कळेल." एवढं बोलून ती पुन्हा मंत्र म्हणायला लागली. पण माझं मन त्या शापाशी अडकलं होतं. तो आता मुलाच्या नोकरीत मिसळला असणार.

उजाडता उजाडता आम्ही ख्युंगरीच्या फाट्याला पोचलो. दूर टेकडीवर गोम्पा दिसत होता. सूर्य अजून पलीकडच्या डोंगराआड होता, आणि वेळ हाताशी होता. मी घड्याळ बघून "नियोजन" असं म्हणणारच होतो, तेवढ्यात आमानं प्रार्थनाचक्राचा दांडा लोटुसच्या खांद्यावर मारला.

"थांब. कुठल्या रस्त्यानं चाललास?"

"खालच्या, आमा-ले. पास खालचा आहे."

"आणि मणीभिंत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फाट्यापासून गोम्पाच्या पायथ्यापर्यंत मंत्र कोरलेल्या दगडांची लांबच लांब भिंत आहे. भिंतीच्या एका अंगानं खालचा रस्ता जातो, दुसऱ्या अंगानं वरचा. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की मणीभिंत उजव्या हाताला ठेवून जायचं, प्रदक्षिणा घालतो तसं. म्हणजे येताना वरच्या रस्त्यानं यायचं आणि जाताना खालच्या. शेकडो वर्षं लोक असेच येत-जात आहेत. नव्या साहेबांनी, जे मैदानी मुलुखातून नुकतेच आले होते, नकाशा समोर ठेवून बरोबर उलटं केलं होतं. येताना पाप, जाताना पाप. एकाही माणसाची त्यातून सुटका होऊ नये इतकं ते चोख काम होतं. सरकारी माणूस म्हणून मला क्षणभर कौतुकच वाटलं.

आमा गाडीतून उतरली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली. "मी भिंत डाव्या हाताला घेऊन जाणार नाही. बुद्धाला भेटायला जाताना वाटेतच त्याला उलटं ओलांडायचं? त्यापेक्षा घरी बरी."

फाट्यावर थिन्लस नावाचा पोलीस उभा होता. तरुण, आमच्याच खालच्या आळीतला. मला ओळखून त्यानं टोपी सारखी केली. "जुले, आजंग-ले," त्यानं मामा म्हणून नमस्कार केला.

"अरे बाबा, आम्हाला वरच्या रस्त्यानं सोड. म्हातारं माणूस आहे."

"सोडलं असतं. पण वरचा रस्ता फक्त खाली उतरायला. गाडीचं तोंड वर दिसलं की माझी नोकरी गेली." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी स्वतः सकाळी चालत वरच्या रस्त्यानं आलो. बहुतेक लोक गाड्या इथंच सोडून चालत गेले. उरलेले डोळे मिटून बसतात. एका गाडीत तर ड्रायव्हरनंही मिटले होते."

चालत जायचं तर आमाचे गुडघे. तिला चालवत नेलं असतं तर गोकु गुंडाळून पेटीत गेल्यावर आम्ही पोचलो असतो. मी डोंगराकडे बघितलं. कडा उजळायला लागली होती.  बारा वर्षं, त्याआधी बारा, त्याआधी बारा, आणि आता फाट्यावरच्या एका दगडावर सगळं संपणार.

मुतुपनं घसा साफ केला. "आमा-ले, एक तोड आहे. खालच्या रस्त्यानंच जाऊ. फक्त तुम्ही गाडीत मागं तोंड करून बसा. म्हणजे भिंत आपोआप उजव्या हाताला येते."

हिशेब बरोबर होता. मुतुपनं स्वतः रस्त्यात पाठमोरं चालून दाखवलं. भिंत खरंच त्याच्या उजव्या हाताला होती. गटाराचा कठडा त्याला दिसला नाही, आणि त्याला बाहेर काढण्यात थोडा वेळ गेला.

"हात उजवा असून काय उपयोग," आमा म्हणाली. "चाललो कुठल्या दिशेनं ते देव बघतो. तोंड कुठं आहे ते पोलीस बघतो."

ती हे सहज, गुडघा चोळत बोलली. पण गाडीला टेकलेला लोटुस, जो लेहपासून एकदाच बोलला होता, हळूच सरळ झाला. त्यानं वरच्या रस्त्याकडे बघितलं. मग थिन्लसकडे.

"वरच्या रस्त्यावर गाडीचं तोंड खाली पाहिजे ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"ते खाली असलं की झालं?"

थिन्लसनं बराच वेळ विचार केला. त्याचे ओठ हलत होते. "मला फक्त तोंडाचं सांगितलंय," तो शेवटी म्हणाला, आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

लोटुसनं गाडी वळवली, पार्श्वभाग गोम्पाकडे केला आणि रिव्हर्स गिअर टाकून वरच्या रस्त्याला लागला. देवाच्या दृष्टीनं आम्ही वर चाललो होतो, भिंत बरोबर उजव्या अंगाला ठेवून. सरकारच्या दृष्टीनं आम्ही खाली उतरत होतो. मधल्यामध्ये मी. कारण मागची काच मुतुपनं पूर्ण भरली होती, लोटुसला काही दिसत नव्हतं, आणि कुणीतरी गाडीच्या मागं चालत, म्हणजे पुढं चालत, रस्ता सांगणं भाग होतं. उद्यान खात्याचा हेडक्लार्क अंगात कोट, गळ्यात खताग अशा वेशात चढावर उलटा चालत "डावीकडे, डावीकडे, माझी डावी नाही, तुझी" असं ओरडत होता. भिंतीपलीकडे तुंबलेल्या गाड्यांतले यात्रेकरू मिटलेले डोळे उघडून, दगडांवरून माना वर काढून बघत होते. कोणीतरी विचारलं, "ब्रेक गेलेत का?"  माझ्या अब्रूचं पुण्य त्या दिवशी कोणाच्या खात्यावर गेलं असेल, मला माहीत नाही.

अर्ध्या वाटेवर खालून भोंगा ऐकू आला. एक पांढरी सरकारी गाडी धूळ उडवत वर आली आणि आमच्या नाकाला नाक लावून थांबली. आतून साहेब उतरले. खालचा रस्ता गाड्यांनी तुंबला होता, त्यांना उशीर झाला होता, आणि आपण केलेला नियम आपल्यासाठी नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

"दिसत नाही का, हा रस्ता एकेरी आहे," साहेब म्हणाले.

मी धापा टाकत पुढं आलो. "हो साहेब. म्हणूनच आमचं तोंड खाली आहे."

साहेबांनी आमच्या गाडीच्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच्या गाडीच्या तोंडाकडे. 

"ते जाऊ द्या," साहेब म्हणाले. "मला तातडीनं वर पोचायचंय. इथं बाजूला जागा नाही. तुम्ही गाडी मागं घ्या."

"किती मागं, साहेब?"

"वरपर्यंत घ्या. गोम्पाच्या दारापर्यंत. तिथं मोकळी जागा आहे."

"हुकूम," मी म्हणालो. इतक्या मनापासून तो शब्द मी नोकरीत कधी उच्चारला नव्हता.

उरलेला चढ आम्ही शासकीय आदेशानं चढलो. साहेबांची गाडी नाकासमोर, आमची मागं मागं सरकत. काचेपलीकडे साहेब, काचेअलीकडे आमा. ती वाटभर त्यांच्याकडे बघून सगळे दात दाखवून हसत होती आणि त्यांच्या नावानं चक्र फिरवत होती.

वरचा रस्ता गोम्पाच्या मागच्या दाराशी संपतो. आम्ही आत शिरलो ते थेट गच्चीच्या पायऱ्यांशी. गोकु पलीकडच्या अंगाला, समोरच्या भिंतीवर. खाली अंगणात हजारभर माणसं असावीत, लांब तुताऱ्या वाजत होत्या. यांगडोल आणि झांगमोनं आमाला दोन्ही बाजूंनी धरून आतल्या जिन्यानं खाली न्यायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागं निघालो. तेवढ्यात एका जाड हातानं माझी कॉलर धरली.

हे गोम्पातले भिक्षू, गेलोंग पल्जोर, गोकुच्या दोऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे. "वारा सुटलाय, माणसं कमी आहेत. ही धर."

"गेलोंग-ले, मी आईला चित्र दाखवायला…"

"धर."

मी धरली. मुतुपनंही धरली, पण त्याला लगेच आठवलं की गटारात पडताना त्याची पाठ लचकली होती. तो "बघून सांगतो कसा आहे ते" म्हणून जिन्यानं उतरला. दोर जड होता, खालून वारा गोकुला फुगवत होता, आणि मला दिसत होतं ते फक्त मागचं अस्तर. मळकट पांढरं कापड आणि ठिगळं.

मग ऊन आलं. आधी कळसावर, मग माझ्या टोपीवर, मग गच्चीच्या कठड्यावर. खालून घंटा झाली. "ओढा," गेलोंग पल्जोर ओरडले. बाकीचे दोर हलायला लागले.

मी कठड्यावरून खाली बघितलं. अंगणात जिन्याचं दार होतं आणि त्या दारातून आमा अजून बाहेर आलेली नव्हती.

मी आयुष्यात वरिष्ठांशी खोटं बोललेलो नाही, निदान तोंडी तरी नाही. पण मी दोराचा कठड्याच्या गजाला एक वेढा दिला, त्याच्यावर बसलो आणि म्हणालो, "गाठ अडकलीय."

"सोडव."

"सुटत नाही."

गेलोंग पल्जोर तरातरा आले. त्यांनी गाठ बघितली. गाठ नव्हतीच. मग त्यांनी माझ्या नजरेच्या दिशेनं खाली बघितलं. दारातून आमा नुकतीच बाहेर येत होती, एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. उन्हाची कड गोकुच्या वरच्या काठाला टेकायला आली होती.

गेलोंग माझ्याशेजारी खाली बसले, नसलेल्या गाठीत बोटं घातली आणि बाकीच्यांना ओरडून म्हणाले, "थांबा रे. इथं वाईट अडकलीय."

आमा बरोबर मध्यभागी आली. तिनं यांगडोलचा हात सोडला, झांगमोचाही सोडला, आणि मान वर केली. हात जोडायचंही तिला बराच वेळ सुचलं नाही. नुसती बघत राहिली. वरून मला तिचा चेहरा सगळा दिसत होता, लहान मुलीसारखा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण दोन्ही हातांत दोर होता.

"सुटली का?" गेलोंगनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली. आम्ही दोघं उठलो आणि ओढायला लागलो. गोकु गुंडाळताना चेहरा आतल्या अंगाला येतो. शेवटपर्यंत मला अस्तरच दिसलं.

लोणी एकाच मोठ्या दिव्यात घालून, सहाही घरांची नावं घेऊन, आम्ही परत निघालो. जाताना खालचा रस्ता बरोबर, आता मोकळाही, पण तो फक्त येणाऱ्यांसाठी. लोटुसला आता काही सांगावं लागलं नाही. त्यानं गाडीचं तोंड गोम्पाकडे केलं आणि रिव्हर्समध्ये उतरायला लागला. मागं रस्ता सांगायला या खेपेला मुतुपला उतरवलं होतं. त्याची पाठ बरी झाली होती.

मी आमाजवळ पुढं बसलो. आम्ही दूर जात होतो आणि गोम्पा डोळ्यांसमोरच होता, त्याची ती मोकळी भिंत उन्हात पांढरी झालेली.

"कसा होता गं?" मी विचारलं.

"डोळे मोठे आहेत," आमा म्हणाली. "आणि इतका वर असून बघतो मात्र आपल्याकडेच." मग तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "तू कुठून बघितलास?"

"मी मागून. अस्तर बघितलं. बरंच शिवलंय त्याला."

 प्रार्थनाचक्र मांडीवर ठेवून ती बराच वेळ त्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं माझा दोरानं सोललेला तळवा आपल्या हातात घेतला आणि त्याच्यावर पिशवीच्या तळाला राहिलेलं थोडं लोणी चोळलं.

"पुढच्या खेपेला मी आणते तुला," ती म्हणाली. "तोवर तब्येत सांभाळ."